साडेचार बाय सातचं बाथरूम: आजीचं घंगाळ, पितळी नळ आणि नवं प्लंबिंग

विचारलेली अडचण थोडक्यात अशी. पुण्यातली १९८० च्या दशकातली सोसायटी, तिसरा म्हणजे सगळ्यात वरचा मजला. बाथरूम साडेचार फूट रुंद, सात फूट लांब, कमोड आतच. पांढऱ्या टाइल्स पिवळ्या पडल्यात, पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाचे आहेत, खालच्या घराच्या छताला ओल दिसते. आजीचं तांब्याचं घंगाळ बेसिन म्हणून बसवायचंय, पितळी नळ हवेत, वाड्यात असायची तशी नक्षीची फरशी हवी. शिवाय रेन शॉवर, वॉल-हंग कमोड, गिझर हे सगळं आजचं हवं. आणि जमलं तर न तोडता, जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवून भागवायचंय.

शेवटच्या इच्छेला आधी नाही म्हणते, म्हणजे पुढचं बोलता येईल. भिंतीवर टाइलवर टाइल लावता येते, जुनी टाइल नाण्याने वाजवल्यावर भरीव आवाज देत असेल तर. पण तुमच्याकडे खाली ओल आहे. म्हणजे जमिनीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय, नाहीतर नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याचा जोड सुटलाय, नाहीतर भिंतीतला जीआय पाइप सडलाय. चाळीस वर्षांच्या घरात बहुतेक वेळा तिन्ही असतं. त्यावर हजारो रुपयांची नक्षीची फरशी चिकटवली तर वर्षभरात तीच फोडावी लागेल. शिवाय फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते, उंबऱ्याची उंची तेवढी कमी होते आणि पाणी पॅसेजमध्ये यायला लागतं. तेव्हा तोडायचं, हे धरून चला.

जुन्या-नव्याच्या मिश्रणाबद्दल माझं मत सरळ आहे. जिथून पाणी वाहतं तिथे काहीही जुनं ठेवू नका. जिथे हात लागतो आणि नजर जाते तिथे जुनं आणा, तेही दोन किंवा तीनच गोष्टी. एवढ्याशा खोलीत घंगाळ, नक्षीची फरशी, पितळी नळ, कोरीव आरसा, रंगीत काचेची खिडकी असं सगळं भरलं तर जुन्या बाजारातल्या दुकानात आंघोळ केल्यासारखं वाटतं. तुमच्या यादीतलं घंगाळ, नळ आणि फरशी एवढं पुरे. बाकीचं सगळं गप्प राहिलं पाहिजे.

आता तोडकाम. सुरू करायच्या आधी सोसायटीला लेखी कळवा, आणि खालच्या घरी जाऊन त्यांच्या छताचे फोटो त्यांच्यादेखतच काढून ठेवा. आधीची ओल कुठवर होती हे नंतर कुणालाच आठवत नाही, आणि तिथूनच भांडणं सुरू होतात. वरच्या टाइल्स ब्रेकरने काढल्या तर चालेल, पण खालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा छिन्नी-हातोड्यानेच काढायला लावा. ब्रेकरचा दणका जुन्या स्लॅबला बसला की सळईवरचं काँक्रीट खालच्या बाजूने सुटतं. गवंड्याला वेळ जास्त लागतो म्हणून तो कुरकुरेल. कुरकुरू द्या.

कोबा निघाला की कळेल तुमचं बाथरूम संकन, म्हणजे खाली दाबलेल्या स्लॅबचं आहे की नाही. स्लॅब नऊ इंच ते फूटभर खाली असेल तर सगळे ड्रेनेज पाइप तुमच्याच हद्दीत आहेत, हवे तसे फिरवा. नसेल तर ते खालच्यांच्या छताखालून लटकत जातात आणि कमोडची जागा बदलायला त्यांच्या घरात काम करावं लागतं. त्यामुळे कमोडची जागा ठरवायची घाई करू नका.

पाइप सगळे बदला. गरम आणि गार दोन्हीला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारं प्लॅस्टिक, भिंत बंद करण्याआधी पंपाने दाब देऊन गळती बघा. अर्धे जीआय ठेवून पुढे नवे जोडले की गंज नव्या नळांच्या काडतुसात, म्हणजे पाणी उघड-बंद करणाऱ्या आतल्या भागात येऊन बसतो. शिवाय पितळ किंवा तांबं आणि जीआय थेट जोडलं तर पाण्याच्या संगतीने जीआयच आधी खाल्लं जातं. पितळी नळ हवे असतील तर जुने पाइप ठेवणं हे दुहेरी नुकसान आहे.

वॉटरप्रूफिंगमध्ये कोणत्या कंपनीचं केमिकल यापेक्षा कोपरे कसे केले याकडे लक्ष द्या. जमीन आणि भिंत मिळते तिथे मसाल्याची गोलाई काढायची, पाइप स्लॅबमधून जातात तिथे भोवती नॉन-श्रिंक ग्राउट भरायचं, मग पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर सगळीकडे किमान फूटभर, शॉवरच्या भागात डोक्याच्या वर. त्यानंतर ट्रॅपच्या तोंडात बोळा घालून पाणी भरून ठेवा आणि पातळीला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा. तीन दिवसांनी रेघ आणि खालचं छत दोन्ही बघा. ही परीक्षा कोबा भरल्यावर पुन्हा एकदा घ्या. यात आठवडाभर जातो. कंत्राटदार हा आठवडा वाचवू बघतो, तो वाचवू देऊ नका.

जागेची मांडणी तुमच्या मापात एकाच प्रकारे नीट बसते. दार साडेचार फुटी भिंतीत आणि खिडकी समोर असल्याने, दाराजवळ बेसिन, मधे कमोड, खिडकीखाली आंघोळ. चौऱ्याऐंशी इंचातले साधारण तेहतीस आंघोळीला, तीस कमोडला, उरलेले एकवीस बेसिनला. कमोडच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा इंच मोकळे हवेत, त्याखाली गेलात तर बसणारा रोज चिडेल. कुणी बाथटब सुचवला तर हसून सोडून द्या.

वॉल-हंग कमोडने जागा वाचते हा समज काढून टाका. भांडं लहान दिसतं, पण मागची टाकी आणि लोखंडी फ्रेम भिंतीबाहेर सहा इंच तरी खाते. तुमच्या आतल्या भिंती साडेचार इंची विटेच्या असणार. त्या कोरून टाकी आत घालता येत नाही, भिंत कमकुवत होते. दोन्हीची बेरीज केली तर जमिनीवर बसणारा साधा कमोड तेवढीच जागा घेतो. खाली झाडू-पोछा सहज फिरतो हा वॉल-हंगचा फायदा खरा आहे, त्यासाठी घ्यायचा तर घ्या. मी तुमच्या जागी असते तर जमिनीवरचा, साध्या गोल आकाराचा पांढरा कमोड घेतला असता. तो जुन्याबरोबरही शोभतो.

रेन शॉवरचंही तसंच. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात. पाण्याचा दाब म्हणजे टाकीतल्या पाण्यापासून शॉवरपर्यंतची उंची. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, बार हे दाबाचं एकक. तुमच्या शॉवरच्या वर स्लॅब, त्यावर टाकीचा कट्टा, त्यावर टाकीतलं पाणी, सगळं मिळून दहा फूट धरले तर ०.३ बार. मोठे, ताटाएवढे शॉवर एक बार किंवा त्याहून जास्त दाब धरून बनवलेले असतात. तुमच्याकडे त्यातून पाणी गळेल, पडणार नाही. प्रेशर पंप बसवता येतो, पण त्याला सोसायटीची परवानगी आणि आवाज दोन्ही आले.

इथे जुन्याचा फायदा होतो. भिंतीबाहेर दिसणारा वॉल मिक्सर, त्यातून वर गेलेला उघडा पितळी पाइप आणि टोकाला चार-पाच इंची चाळणी, हे जुन्या पद्धतीचं दिसतं, कमी दाबात चांगलं चालतं, आणि बिघडलं तर टाइल न फोडता दुरुस्त होतं. कन्सील्ड डायव्हर्टर, म्हणजे भिंतीत लपवलेला मिक्सर, साडेचार इंची भिंतीत खोल बसवायचा, मग वर महागडी टाइल लावायची आणि काही वर्षांनी आतलं काडतूस मिळत नाही म्हणून सगळं उकरायचं, हा उद्योग मी जुन्या इमारतीत करत नाही.

नळ निवडताना बाहेरून जुना आणि आतून नवा असा घ्या. फुलीच्या आकाराची मूठ, पण आत पाव फेऱ्यात उघडणारी सिरॅमिक डिस्क. जुन्या बाजारात अस्सल पितळी नळ मिळतात, वजनाला सुंदर असतात; पण त्यांचे स्पिंडल झिजलेले असतात आणि दर दोन-चार महिन्यांनी वायसर बदलावा लागतो. ते गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायला लावा.

पितळेचा रंग हा स्वतंत्र विषय आहे. दुकानात ‘अँटिक ब्रास’ म्हणून जे मिळतं त्यात प्रत्येक कंपनीची छटा वेगळी. नळ एकाचा, शॉवर दुसऱ्याचा, टॉवेल रॉड तिसऱ्याचा घेतलात तर एकाच भिंतीवर तीन पिवळे दिसतील. मिक्सर, बेसिनचा नळ, अँगल कॉक, बॉटल ट्रॅप, जेट स्प्रे असं सगळं एकाच कंपनीचं, एकाच वेळी घ्या. घंगाळाखालचा बॉटल ट्रॅप दिसणार आहे, तो विसरला जातो. जमिनीची जाळी मात्र स्टीलचीच ठेवा.

पीव्हीडीचं, म्हणजे निर्वात यंत्रात चढवलेलं कडक कोटिंग टिकतं, साध्या लॅकरवर ओरखडे पडून तिथून काळं पडतं. या दोन्हींना पितांबरी, चिंच, लिंबू काही लावायचं नाही. ओल्या फडक्याने पुसायचं, एवढंच. उलट कोटिंग नसलेलं नागडं पितळ घेतलंत तर ते महिन्याभरात तपकिरी होईल आणि बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर पांढरे ठिपके येतील. घरात देवाची भांडी दर आठवड्याला घासणारं कुणी आनंदाने करणार असेल तरच ते घ्या. कामवाल्या मावशींवर ते काम टाकू नका. त्या एक दिवस तारेची घासणी घेऊन येतील आणि त्यांचं काही चुकलेलं नसेल.

आता घंगाळ. हे होण्यासारखं आहे आणि छान होतं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत घेऊन जा. तळाला भोक पाडायचं काम प्लंबरला देऊ नका. तो होल सॉ फिरवतो, पातळ पत्रा लहरतो आणि मग कितीही वायसर घातले तरी गळतं. तांबट आधी तळ सपाट ठोकून घेईल, भोकाभोवती किंचित खोलगट करेल म्हणजे पाणी तिथे जमेल, आणि मग सव्वा इंची वेस्ट कपलिंगच्या मापाचं भोक पाडेल. मठाराच्या ठोक्यांची नक्षी पुन्हा उठवून हवी असेल तर तेव्हाच सांगा. मात्र कड्या काढू देऊ नका, त्यांच्यावरूनच ते घंगाळ आहे हे कळतं. घंगाळाला ओव्हरफ्लो नसतो, म्हणून झाकण बंद होणारं पॉप-अप कपलिंग न घेता कायम उघडं राहणारं घ्या.

उंचीचा हिशोब ओट्यापासून करू नका, काठापासून करा. काठ जमिनीपासून बत्तीस-तेहेतीस इंचावर यायला हवा. घंगाळ नऊ इंच उंच असेल तर खालचा कडप्प्याचा ओटा तेवीस-चोवीस इंचावर. नेहमीच्या उंचीला ओटा बांधून वर घंगाळ ठेवलं की तोंड धुताना कोपरावरून पाणी ओघळतं. नळ भिंतीतून येणारा घ्या, ठेंगणा पिलर कॉक काठाच्या वर पोचतच नाही. आणि घंगाळाचा व्यास अठरा इंचांच्या वर असेल तर मला आधी कळवा, मग दाराची पाखी उलटी उघडावी लागेल.

तांब्यावर टूथपेस्टचे डाग पडतात, साबणाचे पडतात, हे स्वीकारूनच ते बसवायचं. रोज रात्री पाण्याने खळबळून कोरड्या फडक्याने पुसलं की रंग सगळीकडे सारखा गडद होत जातो. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर त्याच्या आसपासही नको.

फरशीबद्दल बोलताना आधी ढाळ. आंघोळीच्या भागात तीन फुटांना अर्धा इंच उतार धरा. दोन बाय चार फुटांच्या मोठ्या टाइल्स एका कोपऱ्यातल्या ट्रॅपकडे चारी बाजूंनी उतरत नाहीत, त्यांना तिरके छेद द्यावे लागतात. चार किंवा आठ इंची लहान टाइल उताराबरोबर आपोआप वळते, आणि जास्त सांधे असल्याने पाय घसरत नाही. वाड्यांतल्या नक्षीच्या सिमेंट टाइल्स याच मापाच्या असायच्या. आजही मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स, जी १९२२ पासून या धंद्यात आहे, तशा टाइल्स बनवते. तामिळनाडूत चेट्टिनाड भागातल्या आत्तनगुडीला काचेवर रंग ओतून हाताने बनवतात. दोन्हींचा रंग वरून छापलेला नसतो, काही मिलिमीटर जाडीचा थर असतो, म्हणून झिजली तरी नक्षी जात नाही.

पण सिमेंट टाइल पाणी पिते आणि ॲसिडला भिते. बाथरूम धुवायला टॉयलेट क्लीनर टाकला की त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड पृष्ठभाग खातं आणि खडबडीत पांढरा डाग कायमचा राहतो. शहाबादी आणि कडप्पा हेही चुनखडीचेच दगड, त्यांचंही तसंच होतं. म्हणून माझा सल्ला: नक्षीची सिमेंट टाइल बेसिन आणि कमोडच्या कोरड्या भागात, आणि आंघोळीच्या भागात तिच्यातल्याच एका रंगाची साधी, मॅट व्हिट्रिफाइड टाइल. दोन्हींच्या मधे दीड-दोन इंच उंचीचा कडप्प्याचा उंबरठा. सिमेंट टाइलला सांधे भरण्याआधी आत मुरणारं सीलर लावा, नाहीतर ग्राउटचा रंग तिच्या छिद्रांत जाऊन नक्षी मळकट दिसते. आणि लक्षात ठेवा, ती पाऊण इंच किंवा जास्त जाड असते, व्हिट्रिफाइड त्याच्या निम्मी. कोब्याची पातळी त्या हिशोबाने आधीच वेगवेगळी ठेवावी लागते.

बजेट कमी असेल तर छापील नक्षीची व्हिट्रिफाइड घ्या, लाज वाटायचं कारण नाही. फक्त खोक्यात किती वेगवेगळे छाप आहेत ते उघडून बघा. एकच छाप आणि त्यात एकच खोटा ओरखडा असेल तर तो ओरखडा ओळीने सगळीकडे दिसतो. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून ती भिजत घालायची नाही आणि नुसत्या सिमेंटच्या मसाल्यावर बसवायची नाही. टाइल ॲडेसिव्हच वापरा.

बसवण्याच्या आदल्या दिवशी गवंड्याला कोरड्या टाइल्स मांडायला लावा आणि स्वतः दारात उभे राहून बघा. जुन्या बाथरूमच्या भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात नसतात. एका टोकाला साडेचार फूट तर दुसऱ्या टोकाला इंचभर कमी. म्हणूनच चारी बाजूंनी नक्षीची किनार लावायचा मोह टाळा, किनार भिंतीचा वाकडेपणा रेघ ओढून दाखवते. मधली रेषा दाराच्या मध्यावर धरा, अख्ख्या टाइल्स दारात येऊ द्या आणि कापलेले तुकडे कमोडच्या मागे आणि ओट्याखाली जाऊ द्या.

भिंतीला चार फुटांपर्यंत पांढरी चकचकीत ३ बाय ६ इंची टाइल, वर बाटलीच्या हिरव्या रंगाची एक पट्टी, त्याच्या वर ओल सहन करणारा रंग. शॉवरच्या तीन भिंतींना मात्र सात फूट टाइल. १९०४ मध्ये न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा स्टेशनांच्या भिंतींवर हीच टाइल होती, त्यामुळे ती जुन्यातही बसते आणि आजच्यातही. कडा उतरत्या केलेली बेव्हल्ड घेऊ नका, प्रत्येक उतारावर क्षार साठतो. सांधे दोन मिलिमीटरचे, करड्या रंगाचे, ओल्या भागात इपॉक्सीचे. सफेद सिमेंटने भरलेले सांधे सहा महिन्यांत काळे होतात.

साबण-शांपूसाठी प्लॅस्टिकचे रॅक नकोत, बाहेरच्या नऊ इंची भिंतीत कोनाडा करा. चार इंच खोल, तळाला बाथरूमच्या दिशेने किंचित उतार, आतूनही वॉटरप्रूफिंग. आधी तिथे काँक्रीटचा कॉलम नाही ना हे ठोकून बघा.

विजेच्या बाबतीत जुनं काहीही नको. काळे बेकेलाइटचे ढब्बू स्विच दिसायला गोड आहेत, पण ते दाराबाहेर, तेही नव्याने बनवलेले. बाथरूमच्या सर्किटला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. तुमच्या इमारतीच्या वायरिंगमध्ये गिझरच्या पॉइंटला अर्थिंग खरंच आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, तीन पिनांचं सॉकेट दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका. दिव्याला आरशावर दुधी काचेचा बंद गोळा, आत पिवळसर एलईडी. पितळ आणि तांबं पांढऱ्याफटक उजेडात मेल्यासारखं दिसतं. खिडकीच्या काचेच्या पट्ट्या असतील तर ठेवा, वरच्या दोन काढून तिथे एक्झॉस्ट फॅन बसतो.

घंगाळाबरोबर आजीचा बंबही असेल, आणि त्यात कॉइल बसवून वापरू का असं पुढे विचाराल. नाही. आणि गॅस गिझरही बाथरूमच्या आत नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं बेशुद्ध पडतात, वास येत नाही म्हणून कळतही नाही. विजेचा पंधरा लिटरचा गिझर दारावरच्या माळ्यात टाका, खाली दिसणारही नाही.

सगळ्याला तीन ते चार आठवडे धरा. तोपर्यंत कमोड निवडायला दुकानात जाणार असाल तर एक माप बरोबर न्या: मागच्या भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं. ते नव्या टाइलच्या पृष्ठभागापासून धरायचं असतं, विटेपासून नाही, म्हणजे विटेपासून मोजलं असेल तर त्यातून प्लास्टर, ॲडेसिव्ह आणि टाइलची जाडी वजा करा. घंगाळाचा व्यास आणि उंचीही मोजून ठेवा.